गांधीबागेतले मालगुजार

गांधीबागेच्या ठोक कापडबाजारात मालगुजारांना सगळे ओळखतात. मालगुजार हे त्यांचं आडनाव मात्र नाही. आडनाव बिल्टीवर सही करण्यापुरतं शिल्लक आहे. अग्रसेन चौकाकडून आत शिरायचं, गठाणींच्या हातगाड्या चुकवायच्या, मागून येणाऱ्या हमालाच्या ‘बाजू, बाजू’ला मान द्यायचा आणि एका अरुंद गल्लीतल्या पेढीची पायरी चढायची. पांढऱ्या गादीवर, उतरत्या मेजामागे जे बसलेले दिसतात ते मालगुजार. हुद्दा मुनीमाचा. बैठक मात्र अशी, की समोर उभा असलेला तुमसरचा किरकोळ दुकानदार उधारी फेडायला आलाय की सारा भरायला, ते कळू नये.

जुन्या नागपुरात असा माणूस गल्लीगल्लीत सापडतो. महालात तर दोन ओट्यांआड एक. खूण सोपी आहे: कुठलंही बोलणं तिसऱ्या वाक्याला ‘आमच्या वाड्यात’ येऊन थांबतं. तुम्ही गुडघेदुखीचा विषय काढा, वाड्याच्या पायऱ्या निघतात. पेट्रोल महागलं म्हणा, दमणीला जुंपायची बैलजोडी निघते. कोणी वारलं, तर वाड्याच्या दिंडी दरवाजातून तिरडी कशी सरळ निघायची, वाकडी करावी लागायची नाही, हे निघतं.

यात त्यांचा दोष अर्धाच. उरलेला अर्धा इतिहासाचा. १८५४ साली भोसल्यांचं राज्य खालसा केल्यावर इंग्रजांनी पुढच्या जमाबंदीत मालगुजारांना गावांची मालकीच देऊन टाकली. सारा गोळा करणारा एका कागदासरशी गावाचा धनी झाला. तो कागद १९५०च्या कायद्यानं फाडला आणि अंमलाची तारीख ठरली ३१ मार्च १९५१. तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी नागपूर, विधिमंडळही इथंच. म्हणजे बुडालो ते घरच्याच गावात, असं मालगुजार म्हणतात. गांधीबागेत ३१ मार्च हा वह्या बंद करण्याचा दिवस. त्या दिवशी मालगुजार हटकून उदास असतात आणि ताळेबंद जुळला नाही की काय म्हणून शेठजींच्या पोटात दर वर्षी गोळा येतो.

कायद्यानं गाव नेलं, तळी नेली, जंगल आणि पडीक जमीन नेली. घरची शेती, राहतं घर, कोठे-कोठारं तेवढी मालकाकडे राहू दिली. म्हणजे वाडा राहिला. आणि गाव गेल्यापासून तो वाढायला लागला.

मी प्रथम ऐकला तेव्हा तो दोन चौकांचा होता. मधल्या काळात त्याला तिसरा चौक फुटला. ओसरी पाच खणांची होती, ती सात खणांची झाली. दरवाजाची उंची तर ऐकणाऱ्यावर अवलंबून असे; बाहेरगावचा व्यापारी असला की त्यातून अंबारीसकट हत्ती आत येई. एकदा शेजारच्या पेढीवरच्या सिंधी भावानं सरळ विचारलं, ‘‘मुनीमजी, हाथी था क्या?’’

‘‘हत्ती नव्हता,’’ मालगुजार शांतपणे म्हणाले. ‘‘दरवाजा होता.’’

इतरांच्या इमारतींकडे पाहण्याची त्यांची नजर जिल्हाधिकाऱ्याची. अग्रसेन चौकातलं मेट्रो स्टेशन झालं तेव्हा ते खाली उभं राहून बराच वेळ मान वर करून पाहत होते. निकाल दिला, ‘‘खांब बरे आहेत. पण टेकायला ओसरी नाही. माणूस आला तं बसन कुठं?’’ नागपूरच्या बुटींनी शिर्डीत वाडा बांधला आणि १९१८मध्ये साईबाबांना तिथंच समाधी दिली, ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज भरून येतो. ‘‘मालगुजारानं वाडा बांधला तं संत राहाले येते,’’ ते म्हणतात. त्यांच्या वाड्यात कोण राहायला आलं हे विचारू नये. वटवाघळं आली.

मालगुजार म्हणजे नुसती बढाई, असं माझं मत एका पावसाळ्यापर्यंत होतं.

शेठजींच्या गोदामात दर पावसाळ्याला खालच्या थरातल्या गठाणींना ओल लागे. आतल्या थानांवर बुरशीचे ठिपके, माल परत, भांडणं. शेठजी छतावर डांबर ओतून ओतून थकले. मालगुजार एक दिवस वही बंद करून गोदामात गेले, भिंतीला तळहात लावला, जमिनीला लावला, नाक लावून हुंगलं आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘‘माल जमिनीवर ठेवता, भिंतीला टेकवता, अन् दोष पावसाला देऊन राहिले.’’ मग त्यांनी आडव्या बल्ल्या टाकून वर फळ्यांचा माच करवला, गठाणी भिंतीपासून हातभर सरकवल्या, एका भिंतीला बुडाशी जाळी पाडली आणि समोरच्या भिंतीला छताखाली दुसरी. ‘‘गार हवा खालून शिरते, उबारलेली वरून निघते. मधात धान सुटं राहते.’’

‘‘मुनीमजी, धान नहीं, साडी है,’’ शेठजी म्हणाले.

‘‘ओल दोघांले सारखीच लागते जी.’’

वरून कडुनिंबाचा पाला पसरला. त्या पावसाळ्यात एका थानालाही डाग पडला नाही. शेठजींनी श्रेय वास्तुशास्त्राला दिलं, कारण वरची जाळी योगायोगानं ईशान्येला निघाली होती. मला मात्र कोडं पडलं. दिवाणखान्यात लोळणाऱ्या मालगुजाराच्या नातवाला कोठाराची हवा इतकी बारकाईनं ठाऊक कशी?

उत्तर काकूंनी दिलं. बाजारामागच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत दोघं राहतात. आत गेलं की पलंगाआधी दिसतो तो लाकडी बैल: तान्ह्या पोळ्याचा, चाकांवरचा, मुलांच्या छातीएवढा. मुलं कधीच मोठी होऊन गेली. बैल खोलीतच आहे. त्याच्यामुळे शिलाई मशीन बाल्कनीत गेलं आणि मालगुजार त्याच्यापुढे पोळ्याला अजून पुरणपोळीचा घास धरतात. मी सहज वाड्याचा विषय काढला आणि काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या, ‘‘वाड्यात संडास नव्हता, हे नाही सांगत कधी.’’ मालगुजारांनी वर्तमानपत्र उघडलं. ‘‘अन् वाटे झाले तेव्हा माडी, दिवाणखाना, देवघर सारं चुलत्यांनी घेतलं. ह्यांच्या बाबांच्या वाट्याले गुराचा कोठा आला. कोठा, बंडीखाना अन् तणसीची जागा. दहावीपर्यंत हे तिथंच झोपत होते, म्हशीपाशी.’’

वर्तमानपत्र हललं नाही. ते उलटं होतं की नाही हे मी पाहिलं नाही. माणसाला तेवढी आब राखू द्यावी.

पुढे एका हिवाळ्यात, धान चुरून झाल्यावर, मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. वैनगंगा ओलांडून आणखी तासाभराची वाट. वाडा खरोखरच आहे. दरवाजाही आहे, हत्ती गुडघे टेकून आला असता तर शिरला असता. माडीवरचे कवेलू काढून चुलत भावांनी टिनाचे पत्रे टाकलेत, कारण वानरं कवेलू फोडतात आणि दर उन्हाळ्यात ते फेरायला आता माणूस मिळत नाही. ओसरीत दोन मोटरसायकली. मी थांबलो. मालगुजार मागे न पाहता पुढे गेले, सांदवाडीच्या अंगानं वळले आणि एका लांब, बुटक्या इमारतीपुढे उभे राहिले. तिथं ते बदललेच. मुनीम गेला, मालगुजार गेला. उरला तो एक गवंडी-सुतार-गायकी असा तिन्ही मिळून माणूस.

‘‘पाठ पश्चिमेला, पाहा,’’ त्यांनी हात केला. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते म्हणून ती बाजू जाड मातीच्या भिंतीनं बंद. तोंड पूर्वेला, हिवाळ्यातलं कोवळं ऊन जनावरांच्या पाठीवर पडावं म्हणून. वाड्याच्या पूर्वेला कोठा, कारण उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा. वास घराकडे येत नाही. सागवानी खांब जमिनीत न गाडता दगडी बैठकीवर उभे केलेले, कारण जमिनीत गाडलं की उधई लागते. खाली मुरूम ठोकून केलेली जमीन आणि तिला गव्हाणीकडून नालीकडे नजरेला न जाणवणारा उतार. तो त्यांनी तांब्याभर पाणी ओतून दाखवला. पाणी जरा विचार करून निघालं आणि नालीतून थेट उकिरड्याच्या खड्ड्यात गेलं. ‘‘उतार जास्त झाला तं गाय घसरते, गाभण असली तं जीव जाते. कमी झाला तं खूर सडते. हा कोठ्यातला सगळ्यात कठीण भाग, अन् दिसत नाही कोणाले.’’

वर माळा. माळ्यावर तणीस. मे महिन्यात तणसीच्या थरामुळे खाली गारवा, आणि गव्हाणीच्या नेमक्या वर एक चौकोनी भोक: सालदारानं वरून तणीस ढकलली की थेट जनावराच्या तोंडापुढे. गव्हाण जनावराच्या गुडघ्याच्या जरा वर. भिंतीत झरोके आहेत ते उभ्या गाईच्या पाठीच्या वर, म्हणजे वारा अंगावरून न जाता वरून जावा. शेजारी बंडीखाना, समोरून उघडा. बंडी उलटी वळवायला किती जागा लागते ते त्यांनी स्वतः बंडी होऊन, हात पसरून, गोल फिरून दाखवलं. दोन तास हे चाललं होतं. गावची पोरं जमली होती. शेवटी मीच विचारलं, ‘‘आणि वाडा?’’

‘‘तो तिकडं,’’ त्यांनी अंगठा मागे केला. ‘‘त्यात पाहण्यासारखं काय आहे?’’

दुसऱ्या दिवशी गांधीबागेत वाडा पुन्हा तीन चौकांचा होता, हे सांगायला नकोच.

स्कॉटलंड यात आलं ते भाच्यामुळे. भाचा ॲबर्डीनला तेलकंपनीत इंजिनिअर. तोवर मालगुजारांचा त्या देशाशी संबंध हिस्लॉप कॉलेजात काढलेल्या दोन वर्षांपुरता होता. ज्यांच्या नावानं १८८३ साली ते कॉलेज निघालं ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश मिशनरी. आले ते धर्म सांगायला आणि दगडांच्या नादी लागले. १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना रात्री पुराच्या पाण्यात बुडून गेले. ‘‘पावसाळ्यात रात्रीचा नाला ओलांडू नये, हे त्यांना आमच्या सालदारानं सांगितलं असतं,’’ एवढंच मालगुजारांचं त्यावरचं भाष्य.

भाच्यानं नवं घर भाड्यानं घेतलं आणि फोटो पाठवले. मालगुजारांनी ते चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवायला फोन पुढे केला. दगडी, देखणं, चौकोनी आवार, चारी बाजूंनी बांधकाम, वर पाटीच्या काळ्या दगडाचं छप्पर. ‘‘वाडा!’’ टपरीवाला म्हणाला. मालगुजारांची छाती रुंदावली. तेवढ्यात खालचा मजकूर त्यांनी वाचला आणि चेहरा पडला. भाच्यानं लिहिलं होतं, की ही मुळात शेतावरची गुरांची, घोड्यांची आणि गाड्यांची इमारत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेती सुधारली तेव्हा अशा शेकडो बांधल्या, आता त्यांची घरं करून विकतात आणि भाड्यानं देतात.

‘‘कोठ्यात राहून राहिला!’’ मालगुजार म्हणाले. ‘‘इंजिनिअर माणूस. भाडं देऊन. कोठ्यात!’’

हमाल हसले. मालगुजारांनी फोन खिशात टाकला, दोन घोट चहा घेतला, फोन पुन्हा काढला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग टपरीवरचे उठून गेले, नवे आले, पण मालगुजार तिथंच होते.

त्यांना आधी दिसल्या त्या एका बाजूच्या ओळीनं कमानी. ‘‘बंडीखाना आहे हा! एकेका बंडीची एकेक कमान. अन् वरचा मजला पाहा, बारक्या खिडक्या. धान वर ठेवत असन. बाहेरून दगडी जिना. वा! खालून हवा खेळते, उंदीर चढत नाही, अन् बंडी खाली लावली का पोतं वरून थेट बंडीत.’’ भाच्याला फोन करून विचारलं. अगदी तसंच होतं. दुसऱ्या फोटोत कोठाराच्या जाड भिंतीत उभ्या अरुंद फटी. त्यांचं काम त्यांनी ऐकण्याआधी सांगितलं. समोरासमोर दोन मोठे दरवाजे कशाला, हेही सांगितलं: ‘‘उपणायले. दोन्ही उघडले का वारा आरपार. तिथं बाहेर पाऊस असते, म्हणून उपणणी घरात.’’ फक्त एका टोकाला असलेल्या गोल, टोपीसारख्या छपराच्या खोलीपाशी ते अडले. भाच्यानं समजावलं, की मळणीयंत्र फिरवायला घोडे तिथं आत गोल गोल चालायचे. मालगुजार क्षणभर गप्प झाले आणि मग टपरीच्या बाकावर थाप मारून म्हणाले, ‘‘खळ्यावर छप्पर घातलं बाप्पा त्यांनी! तिवड्याभवती फिरणाऱ्या बैलाले छत्री!’’

त्या दिवसापासून पेढीवर वाड्याचं नाव निघेना. वहीच्या मागच्या पानावर स्कॉटलंडची चौकशी भरत गेली. तिथं आवारात हिवाळाभर जनावरांच्या पायाखाली पेंढा टाकत राहतात, सलगम खाऊ घालतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तो तुडवलेला थर खत म्हणून शेतात नेतात, हे कळल्यावर मालगुजार म्हणाले, ‘‘हे आम्हाला नाही सुचलं.’’ त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालेलं ऐकणारा मी एकटाच साक्षीदार आहे, नोंद असावी. बिनलग्नाचे गडी एका खोलीत एकत्र राहत आणि त्यांना जत्रेत सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर ठरवत, हे ऐकून मात्र त्यांनी नापसंती दाखवली. ‘‘सालदार सालाचाच पाहिजे. सहा महिन्यांत बैल माणसाले ओळखते का?’’ आणि उत्तरेकडच्या बेटांवर पूर्वी माणसं आणि गुरं एकाच छपराखाली, एकाच दारानं जात-येत राहत, गुरांची ऊब घराला मिळे, हे भाच्यानं सांगितलं तेव्हा त्यांनी काकूंकडे असं पाहिलं, की जणू चाळीस वर्षं चाललेल्या खटल्याचा निकाल लागला.

निकालाची अंमलबजावणी लगेच सुरू झाली. गठाणीच्या टाकाऊ कागदावर गावच्या कोठ्याचा नकाशा निघाला. गव्हाणींच्या जागी कपाटं, माळ्यावर झोपायची खोली, बंडीखान्यात बैठक. चौकोनाचौकोनात सुबक मोडीवळणाच्या अक्षरात ‘स्वयंपाकघर (जुनी खिल्लारी जोडी)’, ‘पाहुण्यांची खोली (वासरं)’, ‘मुख्य शयनगृह (म्हैस)’. याच सुमाराला एक चुलत भाऊ जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला घेऊन आला होता. कोठ्याच्या सागवानाला चांगला भाव आला आहे, खांब काढून द्यावेत म्हणून. मालगुजारांनी त्याला नकाशा दाखवला. व्यापारी धंद्याचा माणूस, त्यानं विचारलं, ‘‘इथं राहाले कोण येईन?’’

‘‘ॲबर्डीनमध्ये लोक पौंड मोजते,’’ मालगुजार म्हणाले. व्यापाऱ्यानं पौंडाचा भाव विचारून घेतला आणि चहा न घेता गेला. काकूंनी नकाशा वाचला आणि ‘म्हैस’ या शब्दावर बोट ठेवलं. ‘‘इथं मी झोपणार नाही.’’ शयनगृह वासरांकडे हलवण्यात आलं.

गेल्या जानेवारीत भाच्याचा फोन आला तेव्हा मी पेढीवरच होतो. मालगुजारांनी फोन स्पीकरवर टाकला. स्कॉटलंडहून आलेला फोन गल्लीनं ऐकला नाही तर उपयोग काय. भाचा वैतागलेला होता. भिंती आतून ओल्या होतात, कोपऱ्यात बुरशी धरते, घरमालक म्हणतो हीटर वाढवा, बिल तर आधीच छातीवर बसलंय.

मालगुजारांनी चष्मा काढला. वैद्यानं नाडीवर बोट ठेवावं तसा त्यांचा आवाज खाली आला. ‘‘त्या फटी होत्या नं, उभ्या? त्यांचं काय केलं?’’

‘‘त्यांना काचा लावल्यात मामा. छान उजेड येतो.’’

‘‘भिंतीले आतून काय लावलं?’’

‘‘सिमेंटचा गिलावा आणि वर रंग.’’

‘‘म्हणजे नाक बुजवलं अन् तोंडही शिवलं. दगड-चुन्याची भिंत आहे ती, आत ओढलेलं पाणी तिले बाहेर टाकाले पाहिजे. गिलावा मालकाले खरवडाले सांग. अन् त्या फटी आजच्या आज मोकळ्या कर.’’

‘‘मामा, बाहेर बर्फ पडतोय. थंडीनं मरू आम्ही.’’

मालगुजारांनी गादीवरून शेठजींकडे, माझ्याकडे आणि दारात थबकलेल्या हमालाकडे पाहिलं. इतकं सोपं उत्तर या शिकलेल्या पोराला कसं सुचत नाही, याचं खरंखुरं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

‘‘मंग एक म्हैस बांध ना जी,’’ ते म्हणाले.